आधी वाटप, मागून पडताळणी

एप्रिल २०२१ मध्ये पुण्या-नागपुरात औषधांच्या दुकानांपुढे रेमडेसिविर या कोविडवरच्या इंजेक्शनासाठी रांगा लागल्या होत्या. रुग्णालयाने चिठ्ठी नातेवाइकांच्या हातात ठेवायची आणि त्यांनी इंजेक्शनसाठी शहर पालथं घालायचं, अशी रीतच पडली. काळ्या बाजारात एकेका कुपीला हजारो रुपये मोजले गेले. वास्तविक या इंजेक्शनाने मृत्यू फारसे टळत नाहीत, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीतून ऑक्टोबर २०२० मध्येच समोर आलं होतं. रुग्ण काही दिवस लवकर बरे होतात, असं अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं होतं. आधार काय तो तेवढाच.

नातेवाइकांना बोल लावण्यात अर्थ नाही. बाप ऑक्सिजनवर असताना मुलाने शोधनिबंध चाळत बसावं, अशी अपेक्षा कोण करील? जाब विचारायचा तो धोरण ठरवणाऱ्यांना.

प्लाझ्माचंच घ्या. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडं आजाऱ्याला द्यायची, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आणि ऐकताक्षणी पटणारी. जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘प्लॅटिना’ हा प्रकल्प सुरू केला, तोही जगातली सर्वांत मोठी प्लाझ्मा चाचणी असा गाजावाजा करत. त्याआधीच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची चाचणी सुरू झाली होती. ३९ रुग्णालयांतले ४६४ रुग्ण. प्लाझ्मा कोणाला मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं. आजार गंभीर होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के निघालं, न घेतलेल्यांत १८. ऑक्टोबर २०२० मध्ये हा निकाल छापून आला. केंद्राच्या उपचार-सूचनांमधून प्लाझ्मा गेला मात्र मे २०२१ मध्ये! मधल्या काळात दुसरी लाट आली आणि दाते मिळवण्यासाठी व्हॉट्सॲपवर रात्र रात्र निरोप फिरत राहिले. देशाच्याच संस्थेचा निकाल देशानेच सात महिने बाजूला ठेवला.

गोव्याने तर पुढची पायरी गाठली. १० मे २०२१ रोजी आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी अठरा वर्षांवरील सर्वांना, लागण झालेली असो वा नसो, आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या पाच दिवस देण्याचं जाहीर केलं. जंत आणि खरजेवरचं हे औषध. कोविडवर ते चाचणीबाहेर वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्चअखेरीस सांगितलं होतं. खुद्द उत्पादक मर्क कंपनीनेही फेब्रुवारीतच पुरावा नसल्याचं म्हटलं होतं.

बहुतेक माणसं जो आजार आपोआप सोसून उठतात, त्यात काहीही दिलं तरी गुण आल्यासारखा वाटतो. काढा घेतलेलाही बरा होतो, होमिओपॅथीचं आर्सेनिकम अल्बम घेतलेलाही आणि काहीच न घेतलेलाही. म्हणून तुलना लागते. सरसकट वाटप केलं की तुलनेला कोणी उरतच नाही. वर्षभराने त्या गोळ्यांचा उपयोग झाला का, हे मंत्र्यांनाही सांगता येत नाही.

साथीत चाचणीला सवड कुठे, असं विचारणाऱ्यांनी ब्रिटनकडे पाहावं. ‘रिकव्हरी’ चाचणी तिथे मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि जूनच्या मध्यापर्यंत तिने दोन निकाल दिले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन निरुपयोगी ठरलं. डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र फायदा झाला नाही, हेही त्याच चाचणीने सांगितलं. आपल्याकडे या दुसऱ्या भागाकडे काणाडोळा झाला. सौम्य आजारातही स्टिरॉइड दिली गेली. अनियंत्रित मधुमेहाच्या जोडीने ती म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गाला वाट करून देणारी ठरली.

महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णांची वाण नाही. चाचणीचा आराखडा, नीतिसमितीची मंजुरी आणि संमतिपत्राचा मराठी मसुदा शांततेच्या काळातच तयार ठेवला, तर पुढच्या साथीत गुणाची खात्री नसलेलं औषध पहिल्या आठवड्यापासून तुलनेसकट देता येईल. याला नवं रुग्णालय बांधण्याइतका खर्च येत नाही.