मशिन अंगठा घेईना

खरीप तोंडावर आला की गावाकडच्या फोनचे विषय ठरलेले असतात. पाऊस कुठवर आलाय, बियाणं मिळतंय का, युरियाच्या गोणीबरोबर दुकानदार नको ती बाटली गळ्यात मारतोय का. या आठवड्यात काकूने यातलं काहीच विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, “बाळा, मशिन अंगठा घेईना.”

काका गेल्यापासून मराठवाड्यातली आमची कोरडवाहू जमीन तीच बघते. काका होते तेव्हा पीएम किसानचा हप्ता त्यांच्या खात्यावर यायचा. ते गेले आणि हप्ता थांबला, ते रीतसरच आहे. मग वारस नोंदीचा अर्ज झाला, फेरफाराची नोटीस लागली, हरकतीचे पंधरा दिवस सरले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि सातबाऱ्यावर काकूचं नाव चढलं. नवी नोंदणीही मंजूर झाली. आता राहिलंय ते ई-केवायसी, आणि तिथेच सगळं अडलंय.

शेतीशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पीएम किसानमध्ये पात्र कुटुंबाला वर्षाला 6 हजार रुपये मिळतात, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. योजना फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झाली. 2023 पासून राज्य सरकारने ‘नमो शेतकरी महासन्माननिधी’तून वर्षाला तेवढीच रक्कम वरून दिली. त्यासाठी जमिनीची नोंद पोर्टलला जोडलेली हवी, बँकखातं आधारला जोडलेलं हवं आणि ई-केवायसी झालेलं हवं. ते मोबाइलवरच्या ओटीपीने होतं, बोटाच्या ठशाने होतं किंवा चेहरा दाखवून होतं. शिवाय 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी फार्मर आयडीही बंधनकारक झाला.

कागदावर तीन वाटा आहेत, आणि काकूला तिन्ही बंद. तिच्या आधारला जोडलेला नंबर काकांचा होता. ते कार्ड रिचार्जअभावी केव्हाच बंद पडलं, त्यामुळे ओटीपी येणार कुठे? चेहऱ्याचं म्हणाल तर तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. गोल चौकटीत तोंड धरून, स्क्रीनवर सूचना दिसली की डोळे मिचकवायचे, हे तिला काही केल्या जमेना. राहिला अंगठा.

सेवा केंद्रातला मुलगा भला आहे. त्याने यंत्राची काच शर्टाच्या बाहीने पुसली. काकूला नळावर हात धुऊन यायला सांगितलं. तरी ठसा उठेना तेव्हा बोट कपाळावर घासायला सांगितलं, म्हणजे थोडा तेलकटपणा येतो आणि ठसा उठतो. अंगठा झाला, तर्जनी झाली, मग एकेक करत दोन्ही हातांची सगळी बोटं झाली. काचेखालचा लाल दिवा लागत होता आणि पडद्यावर तोच संदेश येत होता, ठसा जुळला नाही. शेवटी तो म्हणाला, “मावशी, तालुक्याला जाऊन आधारचे ठसे नवे करून या.” तालुक्याला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणार, जीपचं भाडं जाणार आणि तिथला सर्व्हर त्या दिवशी चालू असला पाहिजे. मुलाला मी बोल लावत नाही. गावातल्या निम्म्या सरकारी योजनांचा खरा आधार तोच आहे.

शहरातले स्नेही मला म्हणतात, दोन हजारांसाठी एवढं काय? ज्याला जूनमध्ये पेरणी करायची असते तो असं म्हणत नाही. बीटी कपाशीचं पाकीट नऊशेच्या घरात आहे आणि एकराला साधारण दोन पाकिटं लागतात. म्हणजे एक हप्ता हे एका एकराचं बियाणं झालं. ते पैसे हातात नसले की बियाणं उधारीवर येतं, आणि उधारीवर बियाणं घेणाऱ्याला वाण निवडता येत नाही. दुकानदार देईल ते मुकाट्याने पेरायचं.

मला राग येतो तो या उलट्या न्यायाचा. काकूचं नाव सातबाऱ्यावर सरकारनेच चढवलंय. आधार सरकारचं आहे, काकांच्या मृत्यूची नोंद सरकारकडे आहे, पोर्टलही सरकारचंच आहे. या नोंदी एकमेकींशी जुळवणं हे सरकारचं काम. ते साठी उलटलेल्या बाईने जीपच्या मागच्या बाकावर बसून का करायचं? खोटे लाभार्थी घुसतात, पैसा गळतो, हे मला मान्य आहे. आयकर भरणाऱ्यांनीही हे हप्ते घेतले आणि मग वसुली करावी लागली, हे आपण पाहिलंय. पडताळणी कडक करा. पण ठसा जुळला नाही म्हणजे माणूस खोटा, असं यंत्राला ठरवू देऊ नका. ठसा उठत नसेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याने किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याने घरी येऊन ‘ही बाई जिवंत आहे, हीच ती’ असं सहीनिशी लिहून द्यावं आणि पोर्टलने ते मानावं.

काकूचा ठसा का उठत नाही हे मला ठाऊक आहे. वयाने ठशाच्या रेषा उथळ होतात, पण काकूच्या बोटांचं कारण तेवढंच नाही. कापूस वेचताना फुटलेल्या बोंडाची टोकं वाळून सुईसारखी होतात. बोंडाच्या पाकळ्यांतून कापूस ओढताना ती टोकं बोटांच्या अग्रांना टोचतात, एकदा नाही, दिवसभर. संध्याकाळी काकू तळव्यांवर गोडेतेल चोळत बसते आणि बोटांवरच्या बारीक काळ्या चिरा चुलीच्या उजेडात दिसतात. वेचणी संपली की तुरी, तुरी संपल्या की हरभरा उपटायचा, पावसाळ्यात खुरपं. पुरुषांचीही बोटं झिजतात, पण वेचणी, खुरपणी, निंदणी ही कामं आमच्याकडे बायकांच्या माथी आहेत. गावातल्या ज्या ज्या बाईचा अंगठा यंत्राने नाकारला ती कापूस वेचणारी निघाली, असं केंद्रातल्या मुलानेच मला सांगितलं.

आणि यातल्या बहुतेकींच्या नावावर जमीनच नाही. काकूच्या नावावर आहे, कारण काका गेले. देशात स्त्री खातेदारांचं प्रमाण 2015-16 च्या कृषिगणनेत 14 टक्क्यांच्या आसपास होतं. यातल्या कित्येकींचं नाव नवरा गेल्यावरच लागतं. बाई चाळीस वर्षं रान कसते आणि तिची शेतकरी म्हणून पहिली सरकारी नोंद तेराव्यानंतर होते, हे मला फार लागतं. ओटीपी काकांच्या नंबरावर जायचा तो याच कारणाने. खातं त्यांचं, नंबर त्यांचा, सातबारा त्यांचा. काकूचं म्हणून जे होतं ते सगळं रानात होतं.

यावर महाराष्ट्रात काम झालेलं आहे, आणि ते विसरलं जातंय. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन 1986 साली चांदवडला भरलं, त्यानंतर काही वर्षांत संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. बायकोच्या नावाने जमिनीचा तुकडा करून द्या, असं शेतकऱ्यांना त्यांनी समोरासमोर सांगितलं. ज्या गावात शंभर घरांनी हे केलं, ते लक्ष्मीमुक्ती गाव. हजारो शेतकऱ्यांनी ते ऐकलं, कुठल्याही कायद्याच्या धाकाशिवाय. पुढे 1992 मध्ये शासन निर्णय निघाला की नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावावं. तो कागद आजही आहे, पण गावोगावी विचारा, किती जणांना माहीत आहे?

2025 साली बुलढाण्यातून सुरू होऊन राज्यभर गेलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम मला मनापासून आवडली होती. गावात चावडी वाचन करून मयत खातेदारांची यादी करायची आणि वारसांची नावं लावायची. सरकार लोकांच्या दारी गेलं की वर्षानुवर्षं अडलेली नोंद काही आठवड्यांत होते, हे त्यातून दिसलं. त्याच चावडीवर, त्याच अधिकाऱ्यांनी जिवंत नवऱ्यांनाही विचारावं: बायकोचं नाव लावायचंय का? तिथेच अर्ज घ्यावा आणि तिच्या स्वतःच्या मोबाइलचा नंबर तिच्या आधारला तिथेच जोडून द्यावा. ई-केवायसीचं निम्मं दुखणं त्या दिवशी संपेल.

चुलतभावाला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “वहिनीलाच विचार, ती काय म्हणते.” वहिनीने फोन घेतला. तिने पहिला प्रश्न विचारला की बायकोचं नाव लावायला पैसे किती लागतात. दुसरा विचारला की नाव लागल्यावर पीककर्ज तिच्या नावावर निघेल का. सहखातेदार झाली की सोसायटीत सभासद होण्याचा अर्ज तिला करता येईल, एवढं मी सांगितलं, बाकी सचिवांना विचार म्हटलं. पेरणी उरकली की दोघं कागद घेऊन जाणार आहेत. तोवर काकूला नवं सिमकार्ड तिच्याच नावाने घेऊन द्यायचं माझ्याकडे लागलंय, आणि ते आधारला जोडायला तालुक्याची खेप करावीच लागणार आहे.