मागच्या वावरात खुंट्या पडल्या

भगिनींनो, परवा दुपारी डाळ निवडायला मागच्या ओट्यावर बसले, तर समोरच्या वावरात दोन माणसे फीत धरून उभी! संध्याकाळपर्यंत चुन्याच्या रेघा पडल्या, खुंट्या ठोकल्या गेल्या आणि ‘प्लॉट विकणे आहे’ अशी पाटीही लागली. एकेकाळी इथे पानमळा होता. पानवेल आणि पानपिंपळी, आपल्या अंजनगाव सुर्जीची ओळखच ती. पुढे कपाशी आली, तूर आली, आता ले-आउट. कास्तकाराला दोष देणे मला जमत नाही. वावर कोणी हौसेने विकत नाही.

गल्लीत मात्र बायकांची सभाच भरली. “आता आपल्या नळाले पाणी येईन का वं बाई?” शेजारच्या काकूंचा पहिला प्रश्न. कोणाला ट्रकच्या धुळीची काळजी, कोणाला मुलांचे खेळणे बंद होण्याची. मला काळजी पाण्याचीच, पण नळाच्या नव्हे, पावसाच्या.

आजवर वावरातले पाणी थोडे जमिनीत मुरायचे, उरलेले धुऱ्याजवळच्या नाल्याने शहानूर नदीकडे जायचे. ले-आउट पडले की मुरुमाचा भराव येतो, रस्ता आपल्या ओट्यापेक्षा उंच होतो. नाला तर रिकामी जागाच वाटतो! माझ्या नणंदेच्या घरामागे असेच झाले. नाला बुजवून तिथे प्लॉट काढले आणि पहिल्याच मोठ्या पावसात तिच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी शिरले. कोठीतली वर्षाची ज्वारी भिजली, मशीनची मोटर गेली. तक्रारी खूप केल्या. पण तोवर तिथे दोन घरे उभी राहिली होती. उभे घर कोण हलवणार?

म्हणून म्हणते, खुंट्या आहेत तोवरच विचारावे. ले-आउटचा मंजूर नकाशा नगरपरिषदेत पाहायला मागावा. दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज करावा. हा कायदा २००५ सालचा आहे. गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यातला नाला, पांदण नव्या नकाशात आहे की गायब झाली, ते शेजारी शेजारी ठेवून बघावे. सांडपाणी कुठे सोडणार, रस्त्याखालची मोरी केवढी, हे तोंडी नको, लेखी विचारावे. आणि जागा ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर, किंवा त्याहून मोठी असेल तर किमान दहा टक्के मोकळी सोडावी लागते. ती नकाशात कुठे दाखवली आहे ते पाहून ठेवा. पुढे तिथेच कोणी कुंपण घालू लागले तर बोलायला तोंड राहते.

आता दुसरी बाजू. आपल्यापैकीच काही घरांत त्याच प्लॉटची बोलणी चालू आहेत. मैत्रिणींनो, बयाण्यासाठी पाटल्या मोडायच्या असतील तर कागद आधी स्वतः बघा. “एनए आहे वहिनी” एवढ्यावर भागत नाही. ले-आउट ५०० चौरस मीटरहून मोठे असेल आणि प्लॉटही आठाहून जास्त असतील, तर विक्रीआधी महारेराकडे नोंदणी लागते. महाराष्ट्रात हे २०१७ पासून सुरू आहे. नोंदणी क्रमांक घ्यावा आणि घरातल्या कॉलेजच्या मुलाला मोबाइलवर तपासायला सांगावे. शिवाय आपली काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो, तो खर्च प्लॉटच्या भावात कोणी सांगत नाही.

आमच्या यजमानांना हे सगळे वाचून दाखवले, तर म्हणाले, “तू काऊन भांडण ओढवून घेते?” यात भांडण कसले? नकाशाच तर मागायचा आहे. गल्लीतल्या अकरा जणींनी अर्जावर सह्या केल्या. बारावीचे यजमान त्याच ले-आउटचे दलाल, तिला मी आग्रह केला नाही. तरी ती संध्याकाळी पदराआड वाटीभर साखर मागायला आली आणि हळूच सही करून गेली.

सोमवारी अर्ज द्यायला जाणार आहोत. वावराचे म्हातारे मालक काल दारात येऊन म्हणाले, “नाला कोठून जाते ते मले माहीत हाय, मी येतो तुमच्यासंगं.”