नाव नंतर, आधी निरीक्षण : चतुर आणि टाचणीच्या निमित्ताने



आपला भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. गावोगावी मामा तलाव, शेतात बोड्या आणि पावसाळ्यात पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांध्या. चतुर आणि टाचणी यांची पिल्लं पाण्यातच वाढतात, म्हणून आपल्याकडे हे कीटक भरपूर. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात, शेपटीला दोरा बांधून उडवतात. आता दोऱ्याऐवजी हातात मोबाइल आला, हे चांगलंच झालं. पण एक नवीन घाई सुरू झाली आहे. फोटो काढला, मोबाइलला नाव विचारलं, वहीत उतरवलं, झाला प्रकल्प!

माझ्या मते अशा प्रकल्पात शिकतो तो मोबाइल, मूल नाही. नाव विचारण्याआधी मुलांनी तीन गोष्टी पाहायला हव्यात.

१) बसल्यावर पंख कसे आहेत? चतुर पंख पसरून बसतो. बहुतेक टाचण्या पाठीवर मिटून घेतात.
२) डोळे कसे आहेत? चतुराचे मोठे, बहुधा एकमेकांना भिडलेले. टाचणीचे एकमेकांपासून दूर.
३) मागचे पंख कसे आहेत? चतुराचे बुडाशी रुंद. टाचणीचे पुढचे-मागचे जवळपास सारखेच.

आता गंमत बघा. काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात. मग मूल अडतं, डोळ्यांकडे पुन्हा पाहतं. एका खुणेवर निर्णय द्यायचा नसतो, हा विज्ञानाचा धडा त्याला तिथंच मिळतो.

रंगही फसवतो. तलावाकाठी दिसणारा लालभडक क्रोकोथेमिस सर्व्हिलिया हा नर असतो, त्याची मादी पिवळसर. रंगावर गेलं तर मुलं एकाच जातीचे दोन प्रकार लिहितात. धानाच्या बांधीत उडणाऱ्या न्यूरोथेमिस टुलियाचंही तसंच. काळ्या पंखावर पांढरा पट्टा असतो तो नराच्या.

फोटोही पुरावा म्हणून काढायला शिकवा. एक वरून, एक बाजूनं. सकाळी लवकर जा, तेव्हा कीटक सुस्त असतात. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. उडाला तर मागे पळू नका. अनेक चतुर फिरून त्याच काडीवर येतात. आणि मुलं पाळीवर किंवा धुऱ्यावरच थांबतील, सोबत मोठं माणूस असेल, हे आधी ठरवा. फोटोसाठी कुणीही पाण्यात उतरायचं नाही.

नाव महत्त्वाचं नाही, असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात मैदानावर थव्यानं फिरणाऱ्या पिवळसर चतुराचं नाव पँटाला फ्लॅवेसेन्स आहे हे कळलं, की तो समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातो ही माहितीही सापडते. २००८ मध्ये तर जवळच्या नागपुरात या कीटकांच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली होती. पण नाव हे बघण्याचं बक्षीस असावं, बघण्याची सुट्टी नव्हे.

"हे परीक्षेत येणार का?" असं पालक विचारतात. कदाचित नाही येणार. पण यातली बरीच मुलं उद्या शेती करतील. चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात, हे ज्यानं लहानपणी पाहिलंय, तो बांधीत औषध फवारण्याआधी थोडा तरी विचार करेल. या रविवारी मुलांसोबत तलावाच्या पाळीवर जाऊन या. मोबाइल न्या, पण पहिली दहा मिनिटं तो खिशातच राहू द्या.