"गप घर सोडा" हा सल्ला देणं आता बंद करा

पोस्ट मोठी आहे. पोरं झोपली की चहा घेऊन बसा, पण वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्या एका ग्रुपवर डॅलसजवळ राहणाऱ्या एका आईने विचारलं, "दारावर नोटीस चिकटवलीय, तीन दिवसांत घर खाली करा म्हणून. आम्ही भाडं एकदाही चुकवलेलं नाही. घरमालकाचे मॉर्गेजचे हप्ते थकले होते म्हणे, घर लिलावात गेलं. मुलगी तिसरीत आहे. काय करू?"

तासाभरात उत्तरांचा पाऊस. आणि जवळजवळ सगळी एकाच छापाची. "व्हिसावर आहात, कोर्टकचेरीत पडू नका." "बँकेचं घर झालं, आता आपलं काय चालणार?" "गप घर सोडा, आमच्या कॉम्प्लेक्समध्ये टू-बेडरूम रिकामं आहे." दोघांनी मूव्हरचे नंबर दिले. कायदा काय म्हणतो, हे एकानेही विचारलं नाही. लोक प्रेमाने बोलत होते, मान्य. पण सल्ला चुकीचा होता आणि महागातला होता.

मी पुण्याची सीए, सध्या न्यू जर्सीत अकाउंटिंग करते. वकील नाही, हे आधीच सांगते. पण 2013 मध्ये मी स्वतः हाच सल्ला ऐकला आणि मानला. घरमालक ओळखीतले, मराठी. लेखी लीज होतं, त्यातले सात महिने शिल्लक होते. एक दिवस एक अनोळखी माणूस दारात येऊन म्हणाला, घर आता बँकेचं, निघा. आम्ही तीन आठवड्यांत निघालो. नंतर मी सवयीप्रमाणे हिशेब मांडला: बुडालेलं डिपॉझिट 2,700 डॉलर, नव्या घराचा ब्रोकर 1,900, ट्रक आणि मजूर 900. एकूण 5,500. (नवं डिपॉझिट धरलेलं नाही, ते परत मिळतं. म्हणजे मिळायला हवं.) बालवाडीतल्या मुलाची शाळा वर्षाच्या मध्यात बदलली ती कुठल्या खात्यात टाकायची, मला माहीत नाही.

हे सगळं टाळता आलं असतं, कारण कायदा तेव्हाही आमच्या बाजूने होता. ऑक्टोबर 2008 मध्ये शिकागोच्या कुक काउंटीचे शेरीफ टॉम डार्ट यांनी फोरक्लोजरच्या घरांतून लोकांना बाहेर काढायचं काम काही दिवस चक्क थांबवलं होतं. का? तर त्यांची माणसं घर खाली करायला जायची आणि आत नियमित भाडं भरणारी कुटुंबं सापडायची, ज्यांना मालकाचं कर्ज बुडालंय याचा पत्ताच नसायचा. मे 2009 मध्ये ओबामांनी प्रोटेक्टिंग टेनंट्स अ‍ॅट फोरक्लोजर अ‍ॅक्टवर सही केली. 2014 च्या अखेरीस तो संपला. मग मे 2018 मध्ये ट्रम्प यांच्या सहीने तो परत आला आणि 23 जून 2018 पासून कायमचा लागू झाला. एकाने आणला, दुसऱ्याने कायम केला. या देशात असा योग फार कमी येतो.

कायदा सांगतो काय? लिलावात घर घेणारा कोणीही असो, बँक किंवा गुंतवणूकदार, त्याला खऱ्या भाडेकरूला किमान 90 दिवसांची नोटीस द्यावी लागते. मालकी हस्तांतरित होण्याआधी केलेलं लीज असेल तर ते मुदत संपेपर्यंत पाळावं लागतं. अपवाद एक: नवा मालक स्वतः तिथे राहायला येणार असेल तर लीज तुटतं, पण 90 दिवस तेव्हाही द्यावेच लागतात. लीज लेखी नसेल, महिन्या-महिन्याने चालत असेल, तरी 90 दिवस आहेतच. नागरिकत्वाची किंवा व्हिसाची अट या कायद्यात नाही.

राज्याचा कायदा याहून मजबूत असेल तर तो चालतो. आमच्या न्यू जर्सीत 1974 च्या अँटी-इव्हिक्शन अ‍ॅक्टमुळे काही छोट्या घरांचे अपवाद सोडले तर फोरक्लोजर हे भाडेकरूला काढायचं कारणच होत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये एका बँकेला हे स्पष्ट सांगितलं. डिपॉझिटची जबाबदारीसुद्धा इथे नव्या मालकावर येते, जुन्याने ते खाल्लं असलं तरी. म्हणजे माझे 2,700 मी मागितलेच नाहीत म्हणून गेले. टेक्सासची गोष्ट वेगळी. तिथे लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात, बहुतेकदा कोर्टाशिवाय, आणि राज्याचं संरक्षण तोकडं आहे. म्हणूनच तिथल्या आईला हा फेडरल कायदा माहीत असणं जास्त गरजेचं.

आता कडू भाग. हा कायदा "खऱ्या" भाडेकरूसाठी आहे आणि खरं कोण, याच्या तीन कसोट्या आहेत. तुम्ही कर्जदार मालकाचे पती, पत्नी, मूल किंवा आई-वडील नसावेत. व्यवहार परक्या माणसाशी करावा तसा, रोखठोक असावा. आणि भाडं बाजारभावापेक्षा बरंच कमी नसावं (सरकारी अनुदानामुळे कमी असेल तर चालतं).

तिसरी कसोटी पुन्हा वाचा आणि मग आपण घरं कशी भाड्याने घेतो ते आठवा. मंडळाच्या गणपतीत ओळख. "अरे, घरचेच आहात, लीज कशाला?" "बाजारात सव्वीसशे चाललंय, तुम्ही एकोणीसशे द्या." आपण खूश. तो सातशे डॉलरचा प्रेमळ डिस्काउंट उद्या लिलावात घर घेणाऱ्याच्या वकिलाच्या हातातलं पहिलं हत्यार असतो: हा भाडेकरू नाही, ही तर मित्रमंडळी. डॅलसच्या त्या आईचं भाडं असंच कमी आहे, हे मला फोनवर कळलं. सुदैवाने बदल्यात लॉन आणि घराची रंगरंगोटी यांनी करायची असं ठरलं होतं, आणि ते मेसेजमध्ये लिहिलेलं आहे. किती उपयोगी पडेल ते वकील सांगेल. पण लिहिलेलं आहे म्हणून निदान सांगता तरी येईल.

गंमत बघा. हीच आपली मंडळी बाणेरचा फ्लॅट भाड्याने देताना लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर केल्याशिवाय किल्ली देत नाहीत, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 माहीत असतं. तिकडेही बँक जप्तीला आली की कागदच बोलतो. 2016 मध्ये विशाल कलसारिया प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की भाडे कायद्याखालच्या भाडेकरूला सरफेसीचा आधार घेऊन असं उचलून बाहेर टाकता येणार नाही. 2019 च्या बजरंग अगरवाल प्रकरणात त्याच कोर्टाने तोंडी, नोंदणी नसलेल्या भाडेकरारांना हात आखडता घेतला. तिकडचं शहाणपण विमानात बसताना कुठे राहतं आपलं?

मालक असलेल्यांनाही एक सांगायचंय. गुंतवणुकीचं घर बुडणं हा गुन्हा नाही, दर बुडीत कर्जामागे कोणाची तरी नोकरी किंवा आजारपण असतं. पण हप्ते थांबल्यावरही दर एक तारखेला भाडं घ्यायचं आणि खालच्या मजल्यावरच्या पोरांना काही कळू द्यायचं नाही, याला मी व्यवहारातली अडचण म्हणणार नाही. आणि आपण भाडेकरूही अशाला "बिचारा" म्हणून पाठीशी घालतो, कारण तो ढोल-ताशा पथकात आहे!

"कोर्टात नाव गेलं तर?" ही भीती मात्र खोटी नाही. इव्हिक्शनची केस नुसती दाखल झाली तरी पुढचं घर शोधताना अहवालात दिसू शकते. व्हिसावर तिचा परिणाम होतो असं समजू नका, हा दिवाणी मामला आहे. म्हणूनच केस होण्याआधी लेखी उत्तर द्यायचं: आम्ही भाडेकरू आहोत, ही भाड्याची नोंद, या कायद्याने आम्हाला 90 दिवस आहेत. ईमेल आणि सर्टिफाइड पोस्ट, दोन्ही.

आणि भाडं थांबवू नका. इथे आपली माणसं हमखास चुकतात. मालकी बदलली की भाडं नव्या मालकाचं. तो खरा मालक आहे का, ते काउंटीच्या नोंदीत डीड बघून ठरवा, दारात आलेल्या माणसाच्या कार्डावरून नाही. नवा मालक कळत नसेल तर ते पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि त्यांना हात लावू नका. भाडं थकलं की हा कायदा तुम्हाला वाचवत नाही.

"कॅश फॉर कीज" म्हणून दोन-तीन हजार देऊ करतील. घ्यायचं बंधन नाही, आणि पहिला आकडा शेवटचा नसतो. माझा 5,500 चा हिशेब समोर ठेवून बोला.

शाळेचं राहिलं. घर गेल्यामुळे कोणाकडे तात्पुरतं राहावं लागलं, तर मॅकिनी-व्हेंटो या 1987 च्या कायद्याने मुलाला त्याच शाळेत राहायचा हक्क असतो. दर डिस्ट्रिक्टमध्ये यासाठी नेमलेली व्यक्ती असते. कायद्यात शब्द "होमलेस" आहे, म्हणून आपण लाजतो आणि विचारतच नाही. विचारा.

त्या आईने शनिवारी उत्तर पाठवलं. सोमवारी एजंटचा फोन आला, "90 दिवसांचं बघतो," म्हणाला. तिने सांगितलं, बघा आणि लेखी द्या. योग्य नोटीस आज मिळाली असं धरून मी दिवस मोजले: मुलीची शाळा मेअखेर संपते, मुदत त्यानंतर संपते. स्थानिक लीगल एडमध्ये गुरुवारी तिची वेळ ठरली आहे. मूव्हरचे नंबर तिने अजून जपून ठेवलेत.