सहीही डोळे उघडून, नकारही डोळे उघडून

ब्लड कॅन्सरच्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयात नेले, की कधी कधी डॉक्टर विचारतात, "तुमच्या पेशंटला क्लिनिकल ट्रायलमध्ये घेऊ का?" क्लिनिकल ट्रायल म्हणजे औषधाची किंवा उपचारपद्धतीची माणसांवर, ठरलेल्या नियमांनी केलेली चाचणी. आपल्या वस्त्यांत या प्रश्नाला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, "आमच्या लेकरावर प्रयोग करू नका." दुसरे, "साहेब, तुम्ही सांगाल तिथे सही करतो." आमच्या मते ही दोन्ही उत्तरे डोळे मिटून दिलेली आहेत.

पहिल्या उत्तरामागची भीती उगीच नाही. 2009 साली आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा अभ्यास झाला. त्यात वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या आढळल्या. 2010 मध्ये सरकारने तो अभ्यास थांबवला आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. गरिबाचे शरीर स्वस्त समजणारी नजर या देशात आहे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण दुसरी बाजूही पाहू. ब्लड कॅन्सरवर आज जे उपचार मिळतात, ते चाचण्यांतूनच आले. 1948 पर्यंत लहान मुलांचा ल्युकेमिया म्हणजे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत मरण. त्या वर्षी बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी 16 मुलांना एक नवे औषध दिल्याचा अहवाल छापला. 10 मुलांना उतार पडला. तो टिकला नाही, पण औषधाने हा रोग मागे हटतो हे प्रथमच दिसले. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रच्या भीमावरममध्ये जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढे एकेक औषध जोडत, मात्रा बदलत, चाचणीमागून चाचणी झाली. आज श्रीमंत देशांत हा आजार झालेल्या 100 पैकी सुमारे 90 मुले वाचतात. आपल्याकडे तेवढी वाचत नाहीत. दोन-तीन वर्षांचा उपचार मध्येच सुटणे आणि उपचार चालू असताना जंतुसंसर्ग होणे, ही त्याची मोठी कारणे.

म्हणूनच आपल्या मुलांवरच्या उपचारांचा अभ्यास आपल्याच देशात होणे गरजेचे आहे. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चंडीगड आणि चेन्नईच्या रुग्णालयांनी मिळून मुलांच्या ल्युकेमियावर 'आयसिकल' नावाची चाचणी घेतली. तिच्यातला एक प्रश्न असा होता: सुरुवातीचे स्टिरॉइड कमी दिवस दिले तर मुलांना होणारा त्रास कमी होईल का? औषध जुनेच, प्रश्न मात्र आपल्या मुलांच्या जिवाचा. अशा चाचणीत कोणत्या गटाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकावी तसे संगणक ठरवतो, म्हणजे कुणाच्या मर्जीने निकाल झुकत नाही. ज्या आजारावर गुण देणारा उपचार आहे, तिथे रुग्णाला नुसत्या साखरेच्या गोळीवर बसवत नाहीत. तुलना चालू उपचाराशीच होते.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले ते हेच: परंपरा आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. डॉक्टरांनी औषध तपासणे हा त्याच वाटेवरचा विचार आहे. आणि आपण डॉक्टरांचा कागद तपासणे हासुद्धा.

त्यासाठी हक्क माहीत हवेत. 2019 च्या नव्या औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार माहितीपत्रक आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाले पाहिजे. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असला पाहिजे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि नियमाप्रमाणे भरपाई. कधीही बाहेर पडता येते, आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. औषधाची प्रत्येक चाचणी 'सीटीआरआय' या सरकारी नोंदवहीत असावी लागते. 2009 पासून ते सक्तीचे आहे. तो नोंदणी क्रमांक मागा, घरातले कॉलेजचे पोरगे मोबाइलवर तपासून देईल. आणि विचारा: चाचणीत गेलो नाही तर कोणता उपचार मिळेल? जादा तपासण्यांचा खर्च कोणाचा? औषधाने गुण आला तर चाचणी संपल्यावर ते मिळत राहील का?

हा शेवटचा प्रश्न एका घराचा नाही, सगळ्या समाजाचा आहे. एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरवर (सीएमएल) इमॅटिनिब ही गोळी 2001 मध्ये आली आणि मरणाच्या दारातली माणसे कामावर जाऊ लागली. पण कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी दहा हजारांच्या आसपास. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसची पेटंटची मागणी फेटाळली, म्हणून ती स्वस्त गोळी टिकली. त्या लढ्यात कॅन्सर रुग्णांची संघटना उभी होती. आता मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेली आणि टाटा रुग्णालयात चाचणी झालेली कार-टी उपचारपद्धती 2023 मध्ये मंजूर झाली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, बाहेर बदलून, कर्करोगाशी लढायला परत सोडतात. परदेशात याला कोटींनी पैसे लागतात, इथे लाखांनी. तरीही नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुराला ते लाख कुठून येणार? चाचणीला सरकारी रुग्णालयाच्या रांगेतला माणूस चालतो, तर सिद्ध झालेले औषधही त्या रांगेपर्यंत पोहोचले पाहिजे. सरकारी योजनांत अशा उपचारांना जागा मिळावी, ही मागणी आपण सभेत आणि निवेदनात लावून धरली पाहिजे.

तोवर एक काम आपल्या हातातले. प्रत्येक विहाराने दोन शिकलेली मुले-मुली ठरवावीत. वस्तीतल्या कोणाकडेही संमतीपत्र आले, की त्यांनी ते घरच्यांसोबत बसून ओळ न् ओळ वाचावे, शंका लिहून काढाव्यात आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात सोबत जावे. कागद घरी नेऊन विचार करायला वेळ मागणे हा आपला हक्क आहे. अंगठ्यापासून सहीपर्यंत यायला आपल्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. ती सही न वाचता करायची नाही. आणि न वाचता नाकारायचीही नाही.