डोळे कर्मचाऱ्याचे, म्हणून खर्चही कर्मचाऱ्याचाच?

कॉम्प्युटरवर दिवसभर काम करणाऱ्या माणसाचे डोळे दुखायला लागले की आपल्याकडे सगळं ठरल्याप्रमाणे घडतं. आधी घरचे म्हणतात, मोबाईल कमी कर. मग मेडिकलमधून थेंब येतात. तरीही चुरचुर थांबली नाही की चष्म्याच्या दुकानात ‘ब्लू कट’ काच बसवली जाते, साध्या काचेपेक्षा चांगलीच महाग. पण तो माणूस ज्या टेबलाशी आठ-नऊ तास बसतो ते टेबल, तिथला उजेड आणि त्याला तिथे बसवणारा मालक किंवा साहेब, यांचं नाव या सगळ्यात एकदाही निघत नाही.

आज त्याबद्दलच लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. आणि वाचताना दर पॅराला एकदा खिडकीबाहेर बघा, का ते पुढे येईलच.

आधी डोळ्याला नेमकं काय होतं ते बघू. आपण एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे टक लावून बसलो की हे प्रमाण निम्म्याच्याही खाली जातं, आणि जी मिटते तीही पुष्कळदा अर्धवट मिटते. पापणी म्हणजे डोळ्याचा वायपर. तो नीट फिरला नाही की डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर जागोजागी तुटतो. मग चुरचुर, लाली, वाळू गेल्यासारखं वाटणं आणि संध्याकाळी अक्षरं पुसट दिसणं. गंमत म्हणजे कोरड्या डोळ्यातून पाणीही येतं. त्यामुळे “माझे डोळे तर पाझरतात, कोरडे कसे?” असं वाटून माणूस भलताच उपाय करत बसतो. शिवाय जवळचं बघायला डोळ्यातला एक बारीक स्नायू आवळलेला ठेवावा लागतो. तासन् तास मूठ आवळून बसलात तर हात भरून येईल, तसंच हे. कपाळ ठणकतं ते यातूनच.

मोठ्या माणसांच्या बाबतीत या त्रासाने डोळा कायमचा बिघडत नाही. विश्रांती मिळाली, ओलावा मिळाला की बरं वाटतं. उगाच घाबरवणाऱ्या फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका.

आणि ‘ब्लू कट’बद्दल एकदा स्पष्ट बोलायला हवं. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पडताळणारी जगभर मानली जाणारी संस्था आहे. २०२३ साली त्यांनी सहा देशांतल्या १७ चाचण्या तपासल्या. साध्या काचेच्या तुलनेत या काचांमुळे कॉम्प्युटरवरचा डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही त्यातून दिसलं नाही, निदान थोड्या काळात तरी. नेत्रतज्ज्ञांची अमेरिकन संघटनाही कॉम्प्युटरसाठी अशा काचांची शिफारस करत नाही. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश उन्हातल्या निळ्या प्रकाशापुढे किस झाड की पत्ती. दुकानदार लेझरचा टॉर्च मारून काच प्रकाश कसा अडवते ते दाखवतो, प्रयोग छान वाटतो. पण तुमचा त्रास पापणी न मिटल्याचा आहे आणि पापणी मिटायला लावणारी काच अजून निघालेली नाही. ज्यांनी आधीच घेतलाय त्यांनी वापरावा, अपाय काही नाही. नव्याने घेणाऱ्यांनी तेच पैसे नीट डोळे तपासून घेण्यात घालावेत.

आता आपल्या गावात या. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक बघा, सेतू केंद्रातली मुलगी बघा, पतसंस्थेतला क्लार्क बघा. टेबल बहुतेक ठिकाणी एक तर खिडकीकडे तोंड करून, नाहीतर खिडकीकडे पाठ करून. पहिल्यात बाहेरचं ऊन थेट डोळ्यात, दुसऱ्यात तेच ऊन स्क्रीनवर चमकतं. खिडकी बाजूला यावी असं टेबल फिरवायला दोन माणसं आणि पाच मिनिटं लागतात. पण प्लगची वायर पुरत नाही म्हणून ते टेबल वर्षानुवर्षं तसंच राहतं. एक्स्टेंशन बोर्डला ग्रामसभेचा ठराव लागतो की काय कोण जाणे! उन्हाळ्यात टेबलफॅन थेट तोंडावर. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या काचेच्या इमारतींत फॅनच्या जागी एसीचा झोत, बाकी तेच. वाऱ्याचा झोत डोळ्यातलं पाणी उडवतो. तो छातीच्या खाली किंवा भिंतीकडे वळवला तरी फरक पडतो.

मराठीत काम करणाऱ्यांचा त्रास थोडा जास्तच, याकडे कुणी लक्ष देत नाही. इंग्रजी अक्षर बारीक असलं तरी ओळखू येतं. आपल्याकडे वर मात्रा, खाली उकार, शेजारी काना, डोक्यावर अनुस्वार. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक केवढासा. समोर जुना हस्तलिखित फेरफार किंवा पुसट झेरॉक्स, त्यावरून स्क्रीनवरच्या बारीक चौकटीत टाइप करायचं. सकाळी अकराला ‘घुले’ बरोबर पडतं, संध्याकाळी सहाला ‘धुले’ होतं. ती चूक मग आधारशी जुळत नाही, शेतकरी ओळख क्रमांकाला अडते, पीक विम्याला अडते. दुरुस्तीसाठी चकरा कोण मारतं? तुम्ही-आम्ही. रागही त्या परिचालकावरच निघतो. दिवसा सर्व्हर बंद आणि रात्री चालू, अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की ही माणसं मध्यरात्रीपर्यंत बसलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांना काय दिसत असेल याचा विचार कुणी करत नाही. कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की ब्राउझरमधली अक्षरं मोठी होतात, एवढं तरी ज्यांना माहीत नाही त्यांना आज दाखवा.

वीस-वीस-वीसचा नियम ऐकला असेल. दर वीस मिनिटांनी, वीस फूट लांबच्या वस्तूकडे, वीस सेकंद बघा. वीसचे आकडे लक्षात राहावेत म्हणून आहेत. एकोणीस फुटांवर बघितलं म्हणून काही बिघडत नाही. मुद्दा एवढाच की स्नायू सैल पडावा आणि त्या वेळात चार-पाच वेळा पापणी पूर्ण मिटावी. बारा फुटांच्या खोलीत वीस फूट कुठून आणणार? समोरचा लिंब, मारुतीच्या देवळाचा कळस, काहीही चालतं. पण हे सांगणं सोपं आहे. कॉल सेंटरमधल्या मुलाला दोन कॉलमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो, खुर्चीवरून उठल्याची नोंद सिस्टीम ठेवते. त्याला वीस सेकंद कोण देणार? सेतूसमोर पन्नास माणसांची रांग असताना खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीला रांगेतलाच एखादा दादा म्हणणार, “काय मॅडम, टाइमपास चाललाय का?” म्हणजे नियम डोळ्यांचा असला तरी तो पाळायची परवानगी दुसऱ्याच्या हातात आहे.

चाळिशीचं वेगळं सांगायला हवं, कारण इथे चष्मा बरोबर असूनही चुकतो. वाचायच्या चष्म्याचा नंबर पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे साधारण दीड फुटाच्या आत, काढलेला असतो. मॉनिटर असतो हातभर लांब, अडीच-तीन वीत. मग तो चष्मा लावून माणूस पुढे वाकतो. प्रोग्रेसिव्ह काच असेल तर जवळचा नंबर खालच्या भागात, म्हणून हनुवटी वर करून बघतो. सहा महिन्यांनी मान धरते आणि तो मानेच्या डॉक्टरकडे जातो. चष्मा करायला जाण्याआधी खुर्चीवर नेहमीसारखं बसून डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत टेपने मोजा आणि तो आकडा तपासणाऱ्याला सांगा. फार थोडे जण स्वतःहून विचारतात. आणि स्क्रीनची वरची कडा डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असू द्या. नजर किंचित खाली असली की पापणी डोळा जास्त झाकते, कोरडेपणा कमी होतो.

थेंबांबद्दल मात्र मी कडक आहे. नुसता ओलावा देणारे कृत्रिम अश्रूंचे थेंब वेगळे आणि लाली घालवणारे वेगळे. लाली घालवणारे सतत घातले तर ते थांबवल्यावर लाली आणखी वाढून येते. त्याहून वाईट म्हणजे स्टेरॉइडचे थेंब. पहिल्याच दिवशी मस्त आराम पडतो, म्हणून माणूस चिठ्ठीशिवाय तीच बाटली पुन्हापुन्हा आणतो. महिनोन् महिने असं चाललं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मेडिकलवाल्या मित्रांनो, ओळखीचा माणूस आहे म्हणून अशी बाटली काउंटरवर ठेवू नका.

कॉम्प्युटर डोळा घालवत नाही, पण दुसऱ्या आजारावर पांघरूण घालतो. धूसर दिसलं, कॉम्प्युटरमुळे. डोकं दुखलं, कॉम्प्युटरमुळे. काचबिंदू बहुतेक वेळा गुपचूप येतो, दुखत नाही, कडेची नजर आधी खातो. मधुमेहाने पडद्यावर झालेला बिघाडही सुरुवातीला जाणवत नाही. आपल्याकडे घरटी एक साखरवाला आहे म्हटलं तरी चालेल. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा घरात काचबिंदू असलेल्या माणसाने नुसता नंबर काढून समाधान मानू नये. डोळ्याचा दाब आणि पडदा तपासून घ्यावा. ऑफिसात भरणाऱ्या ‘मोफत नेत्र तपासणी शिबिरा’त पुष्कळदा नंबर निघतो आणि शेजारच्याच टेबलावर फ्रेम विकायला मांडलेल्या असतात. तपासणी किती आणि विक्री किती, हे आपलं आपण बघावं.

“मग कंपनीने चष्मे वाटत बसायचं का?” असं विचारणारे भेटतील. ब्रिटनमध्ये १९९२ चे नियम आहेत. स्क्रीनवर काम करणाऱ्याने मागणी केली तर डोळ्यांच्या तपासणीचा खर्च मालकाने करायचा. खास त्या कामासाठीच चष्मा लागत असेल तर त्याचाही. रोजच्या वापराच्या चष्म्याचा नाही, एवढा तो नियम व्यवहारी आहे. युरोपचा निर्देश त्याआधीचा, १९९० चा. रोमानियातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने स्क्रीनच्या कामासाठी घेतलेल्या चष्म्याचे पैसे खात्याकडे मागितले, खात्याने नाकारले, प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, अशा कामासाठी चष्मा लागत असेल तर मालकाने तो द्यावा किंवा त्याचे पैसे भरून द्यावेत. पगारात सरसकट भत्ता घातला म्हणजे जबाबदारी संपली असं नाही.

ते श्रीमंत देश आहेत, मान्य. पण आपल्याही १९४८ च्या कारखाना कायद्यात डोळ्यांवर ताण येईल अशी चमक आणि सावल्या टाळा, असं स्पष्ट लिहिलं होतं. लेथवर काम करणाऱ्याच्या डोळ्यांची तेव्हा काळजी वाटली, ती कीबोर्डवर काम करणाऱ्यापर्यंत पोचलीच नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात प्रकाश आणि हवा खेळती ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे, पण स्क्रीन, डोळे, तपासणी हे शब्द कुणाच्या तोंडी नाहीत. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांत दिवसाचे तास नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. गुंतवणूक यावी म्हणून असेल. त्या दहाव्या तासात डोळ्यांचं काय, यावर विधानभवनाच्या पायऱ्यांवर कुणी फलक धरल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी होईल असं सरकार सांगतंय. चांगलंच आहे. मग स्क्रीनवर काम करणाऱ्यांसाठी त्यात डोळ्याचा दाब, पडदा आणि मॉनिटरच्या अंतराचा नंबर हे तीन प्रकार नियमात घालून टाका. तपासणीला फार तर अर्धा तास जास्त लागेल.

गावपातळीवर यासाठी दिल्लीची वाट बघायची गरज नाही. संगणक परिचालक मानधनासाठी, कर्मचारी म्हणून मान्यतेसाठी कितीदा आझाद मैदानावर बसले हे आपण जाणतोच. ती लढाई मोठी आहे, ती चालू राहील. पण टेबल फिरवणं, पडदा लावणं, पंखा वळवणं, मॉनिटरखाली जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा ठेवणं किंवा असलेला काढणं, तासाला पाच मिनिटं खिडकी बंद ठेवायची पाटी लावणं, यासाठी सरपंच आणि ग्रामसेवकांची इच्छा पुरते. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात डोळ्यांची तपासणी होते. महिन्यातला एक दिवस परिचालकांसाठी ठरवून द्या म्हणून गटविकास अधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं आहे. मसुदा माझ्याकडे तयार आहे. ज्यांच्या गावच्या परिचालकाची सही हवी त्यांनी शनिवारपर्यंत नाव कळवा. आणि सेतूत रांगेत असताना समोरची ताई वीस सेकंद बाहेर बघताना दिसली तर तिला बघू द्या, तुमचं आडनाव ती त्यानंतर टाइप करणार आहे.