झारेकऱ्याच्या वारसाला सनद हवी

सोनाराच्या बागेसरीतली राख, त्याच्या पाटाखालची धूळ आणि पेढीसमोरच्या गटारातला गाळ यांचा मक्ता घेऊन, ते सारे पाण्यात घोळून, पाऱ्याच्या साह्याने सोन्याचे कण वेचणारा झारेकरी हा आपल्या पेठांतला जुना व्यावसायिक. त्याचा वारस आज कुर्ल्याच्या भंगारबाजारात बसला आहे आणि त्याच्यापुढे राखेऐवजी मोडक्या संगणकांच्या व मोबाइलच्या हिरव्या बोर्डांची रास आहे.

त्या राशीची श्रीमंती ध्यानात घेण्याजोगी आहे. खाणीतला टनभर दगड फोडावा, तेव्हा बहुधा काही थोडे ग्रॅम सोने हाती लागते. संगणकाच्या टनभर चांगल्या बोर्डांत ते शंभर ग्रॅमहूनही अधिक भरते, आणि तांबे, चांदी, पॅलेडियम ही वेगळीच. आपली कोलारची खाण खर्च झेपेना म्हणून २००१ साली बंद पडली. उलट टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदके जपानी नागरिकांनी टाकून दिलेल्या उपकरणांतल्या धातूंची घडली.

आपल्याकडे हे धन निघते कसे, ते पाहावे. स्क्रूड्रायव्हर आणि छिन्नी एवढ्याच हत्यारांनिशी कारागीर मोटार, तांब्याची वेटोळी, बॅटरी आणि बोर्ड असे अलगद वेगळे करतो, की सरसकट भुगा करणाऱ्या यंत्राला ते साधू नये. कारण त्या भुग्यात सोन्याचा अंश प्लास्टिकच्या धुळीबरोबर निघून जातो. परंतु याच्या पुढची पायरी घातक आहे. बोर्डाच्या सोनेरी कडा कापून तेजाबाच्या टपात टाकल्या, की तांबूस धूर उसळतो, तांबे विरघळून पाणी हिरवेनिळे होते, सोन्याचे पापुद्रे सुटतात. पापुद्रे गाळून घेतले, की उरलेले पाणी गटारात जाते आणि धूर कारागिराच्या छातीत.

१ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली, हे योग्यच झाले. मात्र २०१६ च्या नियमांत सुट्या भागांची उकल करणाऱ्या व्यवसायाला जे स्वतंत्र स्थान होते, ते या नियमांच्या नोंदणीत उरले नाही. तरीही याच नियमांनी राज्याच्या उद्योग खात्याकडे उकल व पुनर्चक्रणासाठी जागा राखून ठेवण्याचे, आणि कामगार खात्याकडे या कामगारांची नोंद करून त्यांना प्रशिक्षण देण्याचे कर्तव्य सोपवले आहे. ते कर्तव्य कागदावरून उठून कुर्ल्याच्या गल्लीत उतरावे, एवढीच मागणी आहे.

असे म्हणतील की, प्रदूषण करणाऱ्यांना परवाने द्यायचे काय? छापे घालून टप उलथले, तर ते दुसऱ्या गल्लीत मांडले जातील. कारण बोर्ड वजनावर विकावे लागते आणि त्यातल्या सोन्याचे मोल विकणाऱ्याच्या पदरी पडत नाही, म्हणूनच तो तेजाबाकडे वळतो. सरकारने त्याला ओळखपत्र व शेड द्यावी, हातांचे काम हातांकडे ठेवावे, तेजाब आणि भट्टी धूर व सांडपाणी शुद्ध करणाऱ्या अधिकृत कारखान्याकडे सोपवावी, आणि तेथे बोर्डाच्या नमुन्याची चाचणी करून भाव ठरवावा. सराफ जुना दागिनाही कसोटीवर घासल्यावाचून मोल सांगत नाही. तोच न्याय या बोर्डांना लागू झाला, तर तेजाबाचा टप ठेवण्याचे कारणच उरणार नाही.